बंद कर, सेल संपतील

यंत्रं आणि मी यांचे संबंध पहिल्यापासून घरमालक आणि जुना भाडेकरू यांच्यासारखे आहेत. एकमेकांवाचून सुटका नाही आणि एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. त्यामुळे गेल्या दिवाळीला नातीनं माझ्या हातात एक चिमुकली वस्तू ठेवली आणि "आजोबा, हा तुमच्यासाठी व्हॉइस रेकॉर्डर" असं म्हणाली, तेव्हा मी आनंदानं दचकलो. साबणाच्या वापरलेल्या वडीएवढी वस्तू. वर दोन डोळ्यांसारखे दोन माइक, मध्ये एक टिचभर पडदा आणि खाली ते, ज्याच्याकडे मी सरळ नजरेनं पाहू शकत नाही, ते लाल बटण.

"आक्काआजीचं पानशेत रेकॉर्ड करा," नात म्हणाली. "आता तिच्याशिवाय कोण आहे सांगायला?"

आक्का म्हणजे माझी धाकटी आत्या. वय वर्षं अठ्ठ्याऐंशी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्यालाही भगदाड पडलं आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांत शिरलं, तेव्हा नारायण पेठेतल्या आमच्या घरात असलेल्या माणसांपैकी आता ती एकटीच उरली आहे. मी त्या वेळी आठ वर्षांचा होतो, पण गोवर आला म्हणून वाईला आजोळी ठेवलेला. म्हणजे घराण्यातल्या एकमेव ऐतिहासिक प्रसंगी मी अंगावर पुरळ घेऊन पडून होतो.

"यांच्या हातात देऊ नकोस गं ते," स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला. "आधीचं पुसलं तेवढं पुरे झालं."

लग्न जुनं झालं की बायकोला लांबलचक भांडण करावं लागत नाही. एक वाक्य पुरतं. या वाक्यात चाळीस वर्षांहून जुना एक गुन्हा आहे. तो आधी कबूल करतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा.

१९७९ साली मी पहिल्या बोनसातून एक कॅसेट टेपरेकॉर्डर घेतला आणि नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पुढ्यात बसवून पानशेतची हकिगत सांगायला लावली. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. नानांनी तीस मिनिटं भरून सांगितलं. मग ती कॅसेट हातात घेऊन तिच्या पाठीच्या कडेला असतं ते प्लॅस्टिकचं इवलंसं टिकलीवजा तुकडं त्यांनी अडकित्त्याच्या टोकानं मोडलं. ते मोडलं की तिथे खाच पडते, यंत्रातली एक तरफ ती खाच चाचपून बघते आणि लाल बटण दाबूच देत नाही. "आता कोणी पुसू शकणार नाही," नाना म्हणाले. नानांचा यंत्रावर विश्वास होता. मुलावर नव्हता, पण त्यांना वाटलं त्यापेक्षाही तो कमीच ठेवायला हवा होता. १९८१ साली नाना गेले.

२५ जून १९८३. लॉर्ड्सवर आपली मंडळी १८३ धावांत बाद झालेली आणि तरीही वेस्ट इंडिजच्या विकेटी पडत चाललेल्या. रात्र झालेली, चाळीतले सगळे आमच्या रेडिओभोवती. कोणीतरी ओरडलं, "अरे, टेप कर! हा इतिहास आहे!" कोरी कॅसेट घरात नाही, दुकानं बंद. मी हाताला लागेल ती डबी उघडली. वर 'भावगीते' असं लिहिलेलं. आतल्या कॅसेटचं लेबल पावसाळी हवेनं सुटून गेलेलं आणि टिकली मोडलेली. विकतच्या गाण्यांच्या कॅसेटला टिकली नसतेच. म्हणजे ही हिच्या माहेरची भावगीतं, असा मी निष्कर्ष काढला. खाचेवर चिकटपट्टी लावली की यंत्र फसतं हे ज्ञान तोपर्यंत मला झालेलं होतं. पट्टी लावली. लाल बटण दाबलं. सत्तावीस मिनिटांनी मोहिंदर अमरनाथनं होल्डिंगला पायचीत केलं, आपण ४३ धावांनी जिंकलो आणि त्या नाचगोंधळात कोणाचा तरी धक्का लागून टेप बंद पडला.

म्हणजे हिशेब असा, की बायकोची भावगीतं पुसायला निघालेला मी बापाचा आवाज पुसून बसलो होतो. भावगीतं दुसऱ्या डबीत सुखरूप होती. (पहिल्या गुन्ह्याबद्दल माफी आहे, दुसऱ्याचा हेतू अजून विसरला गेलेला नाही.) शेवटची तीन मिनिटं तेवढी वाचली. कॉमेंट्रीच्या आरोळीनंतर एकदम नानांचा शांत आवाज येतो. चिखल, ओल्या धान्याचा वास, देवीच्या पितळी तबकातून काढलेला गाळ. मध्येच मागून एक बाई काहीतरी बोलते, ते समजत नाही. आणि शेवटी नाना म्हणतात, "बंद कर रे आता, सेल संपतील."

तर अशा माणसाच्या हातात नातीनं रेकॉर्डर दिला. माहितीपुस्तिका उघडली. ती अकरा भाषांत होती आणि अकराही भाषांत पहिलं वाक्य एकच असावं असं चित्रावरून दिसत होतं : घाबरू नका. मी घाबरलो. मग पळवाट म्हणून मी जे नेहमी करतो तेच केलं. वाचनालयात गेलो आणि या यंत्राच्या कुळाचा इतिहास वाचायला घेतला. अंतस्थ हेतू एवढाच, की आपल्यासारखा पुसणारा इतिहासात आणखी कोणी होऊन गेलाय का ते पाहावं. गुन्हेगाराला सोबत असली की बरं वाटतं.

पहिलाच भेटलेला गृहस्थ मला भलताच जवळचा वाटला. पॅरिसचे एदुआर-लेओं स्कॉट द मार्तिनव्हिल. यांनी १८५७ साली आवाज टिपण्याचं यंत्र केलं. कर्ण्यासमोर बोलायचं, टोकाचा पडदा थरथरायचा, त्याला जोडलेला केस काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेघा काढायचा. म्हणजे रेकॉर्डर झाला. पण तो वाजवायचा कसा? तो वाजवायचाच नाही! आवाज ऐकायचा असतो हे स्कॉटसाहेबांच्या डोक्यातच नव्हतं. तो रेघांवरून वाचायचा असतो, असा त्यांचा हिशेब. पेशानं ते छापखान्यातले, तेव्हा चूक माणसाची नव्हे, सवयीची. पुढे वीस वर्षांनी एडिसननं टिपलेला आवाज परत बोलवून दाखवला, जग त्याच्या नावानं डोक्यावर घेतलं गेलं आणि स्कॉट आपला मान हिरावला म्हणून तक्रार करीत १८७९ मध्ये वारले.

पण खरी गंमत पुढेच आहे. १८६० सालच्या एप्रिलमध्ये त्यांनी काजळीवर टिपलेलं एका फ्रेंच गाण्याचं कडवं २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी संगणकाच्या मदतीनं वाजवून दाखवलं. माणसाचा इतका जुना गाता आवाज आजवर कोणी ऐकलेला नव्हता. लोक म्हणाले, कोण्या मुलीचा आवाज आहे, स्कॉटची लेक असेल. वर्षभरानं ध्यानात आलं, की आपण ते दुप्पट वेगानं वाजवत होतो. वेग कमी केला तर मुलीचा बाप्या झाला! बहुधा स्वतः स्कॉटच सावकाश गात होते. एकशे अठ्ठेचाळीस वर्षं काजळीत गप्प बसून माणूस बोलला आणि पहिलं वर्षभर त्याला मुलगी समजले. टिपलेला आवाज कोणाचा, हे सांगणारं माणूस सोबत नसलं की असं होतं. हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं. पुढे उपयोगी पडलं.

एडिसनचं यंत्र १८७७ सालचं. नळकांड्यावर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळायचा आणि सुई त्यावर आवाज कोरायची. पाचसात वेळा वाजवलं की पत्रा थकायचा. दुसऱ्या वर्षी एडिसननं एका मासिकात या यंत्राचे उपयोग यादी करून सांगितले. पहिला नंबर साहेबलोकांची पत्रं तोंडी सांगून लिहून घेण्याचा. संगीत चौथं. पाचवा उपयोग वाचून मात्र मी चष्मा काढून पुसला. घरातल्या माणसांच्या आठवणी, त्यांचे बोल आणि मरणाऱ्या माणसाचे अखेरचे शब्द घरात जपून ठेवणं! म्हणजे मी १९७९ मध्ये जे केलं ते एडिसनच्या यादीप्रमाणे केलं होतं. १९८३ मध्ये केलं ते यादीत नव्हतं.

पत्र्याच्या जागी मेणाचं नळकांडं आलं. ऑफिसात साहेब त्यात बोलायचे, टंकलेखनिक ते ऐकून टाइप करायची आणि मग एका यंत्रावर त्या मेणाचा वरचा पापुद्रा तासून काढायचे. सुतार फळीवर रंधा मारतो तसा. झालं नळकांडं कोरं! इथे मला पहिला धीर आला. पुसण्याची कला ही माझ्या चिकटपट्टीहून पुष्कळ जुनी निघाली.

आपल्याकडे आवाज तबकडीवर चढला तो १९०२ च्या नोव्हेंबरात. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि हॉटेलच्या खोलीत त्यानं गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. रागाचा अख्खा विस्तार बाईंनी जेमतेम तीन मिनिटांत बसवला आणि शेवटी इंग्रजीत आपलं नाव ठणकावून सांगितलं. हा बाईंचा तोरा नव्हे. त्या तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कारखान्यातल्या माणसाला भैरवी कुठली आणि बाई कोण हे कसं कळावं? लेबल चुकू नये म्हणून नाव तबकडीतच. आता बघा, 'भावगीते' लिहिलेल्या डबीत नानांची कॅसेट होती. नानांनी सुरुवातीला "मी अमुक, आज तारीख तमुक" एवढं म्हटलं असतं आणि मी दोन सेकंद वाजवून पाहिलं असतं, तर आज घरात शांतता नांदली असती. गौहर जानला जे १९०२ मध्ये कळलं ते मला कळायला सत्तरी उलटावी लागली.

नाव न सांगता, किंबहुना आवाजच न देता गेलेलेही होतेच. अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, तबकड्यांचा व्यापार डोळ्यांदेखत फोफावला, पण त्यांच्या गाण्याची एक तबकडी नाही. आणि त्यांच्याच शिष्या, आमच्या शेजारच्या गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर, यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर बसून सूर्यमालेबाहेर निघाली. गुरूचा आवाज कोल्हापुरात मिळत नाही आणि शिष्येचा ताऱ्यांच्या दिशेनं चालला आहे. दोघांत फरक काय, तर कोणीतरी कधीतरी यंत्र चालू केलं होतं.

या सगळ्यांत मूळ घोळ घातला तो डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पौलसेननं. १८९८ साली त्यानं आवाज पोलादी तारेवर चुंबकानं टिपून दाखवला. टेलिफोनवर कोणी घरी नसताना निरोप राहावा, हा त्याचा साधा हेतू. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ जोसेफ त्या यंत्रात चार शब्द बोलले, ते अजून ऐकू येतात. पण कोरलेला आवाज आणि चुंबकानं मांडलेला आवाज यांत फरक आहे. दगडावरचा लेख खोडायला छिन्नी लागते. रांगोळी नुसत्या पदरानंही पुसते. चुंबकाचा आवाज ही रांगोळी. त्याच तारेवर पुन्हा बोललात की आधीचं गेलं. पुढे फ्रिट्झ फ्लॉयमर नावाच्या जर्मन माणसानं तारेच्या जागी कागदाची फीत आणली. हे गृहस्थ त्याआधी सिगारेटच्या कागदावर सोनेरी पट्टे चिकटवण्याच्या उद्योगात होते. सिगारेटला पट्टा चिकटतो तर कागदाला लोखंडाची पूड का चिकटू नये? अशा रीतीनं १९२८ साली टेप जन्मली. १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात तिचं यंत्र मांडलं गेलं आणि महायुद्धानंतर ते अमेरिकेत पोचलं. अमेरिकेत गेल्यावर जे व्हायचं तेच झालं : राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात शिरलं.

आता माझे खरे गुरुबंधू. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आपल्याच कचेरीत आपलीच बोलणी टिपणारी यंत्रं बसवली होती. वॉटरगेटची घरफोडी १७ जून १९७२ ची. तीन दिवसांनी, २० जूनला, साहेब आपल्या मुख्य सहायकाशी बोलले, त्या टेपमधली साडेअठरा मिनिटं नुसती घरघर आहे. त्यांच्या चिटणीसबाईंनी कोर्टात सांगितलं, की टाइप करता करता फोन आला, एक पाय पेडलवर, एक हात फोनकडे, त्यात चुकून लाल बटण दाबलं गेलं असावं. पण फार तर पाच मिनिटं. तसं करून दाखवतानाचा त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे. असा ताणलेला देह मी फक्त योगासनांच्या पुस्तकात पाहिलाय. तज्ज्ञांनी तपासून सांगितलं, की बटण एकदा नव्हे, निदान पाच वेळा दाबलं गेलंय. ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सनसाहेब घरी गेले. त्या साडेअठरा मिनिटांत काय होतं ते आजही परत मिळवता आलेलं नाही. माझी मिनिटं सत्तावीस. राष्ट्राध्यक्षांहून साडेआठनं जास्त! फक्त मी राजीनामा दिला नाही. नवऱ्याच्या हुद्द्याचा राजीनामा घेत नाहीत.

आणि नासा! १९६९ च्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला, त्याचं पृथ्वीवर थेट आलेलं मूळ चित्रण ज्या टेपांवर होतं त्या टेपा तीन वर्षं शोधशोध शोधल्या. २००९ साली निष्कर्ष जाहीर झाला : बहुधा टेपांची टंचाई पडली तेव्हा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. (सुदैवानं प्रक्षेपणाच्या दुसऱ्या प्रती होत्या.) हे मी हिला मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं. ही म्हणाली, "त्यांनी निदान त्यावर क्रिकेट नाही भरलं."

खिशातल्या यंत्राकडे यायचं तर दोन माणसांना नमस्कार केला पाहिजे. पोलंडहून स्वित्झर्लंडला आलेल्या स्टेफान कुडेल्स्कीनं १९५१ साली खांद्याला अडकवून नेता येईल असा टेपरेकॉर्डर केला आणि त्याला 'नाग्रा' नाव दिलं. पोलिश भाषेत त्याचा अर्थ 'टिपून घेईल'. रेडिओचे बातमीदार आणि सिनेमावाले ते घेऊन जगभर हिंडले. दुसरा हॉलंडचा लू ऑटेन्स. यानं आधी लाकडाचा एक ठोकळा आपल्या कोटाच्या खिशात मावेल असा कापून घेतला आणि म्हणाला, यंत्र एवढं झालं पाहिजे. १९६३ साली फिलिप्सनं बर्लिनला त्याची कॅसेट मांडली. तिच्याबरोबर ती टिकलीही आली. ऑटेन्सच्या मंडळींना माझ्यासारख्यांची कल्पना असणार, पण चिकटपट्टीची नसावी. १९६९ साली जपानच्या ऑलिंपसनं कॅसेट आणखी लहान करून मुठीत आणली. आणि १९७९ मध्ये सोनीनं सर्वांत सुरक्षित यंत्र काढलं. बातमीदारांसाठी केलेल्या एका रेकॉर्डरमधली मुद्रणाची सोयच काढून टाकली आणि त्याला वॉकमन म्हटलं. मला त्या साली दुकानदारानं वॉकमन दिला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

या हातातल्या यंत्रांनी आपल्याकडे केवढं काम केलंय याची जाणीव मला उशिरा झाली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांत हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त! पुष्कळशा लिहून घेतल्या आणि त्यांतल्या काही हजार पुढे टेपवर टिपल्या गेल्या. जाती अडगळीत गेली, गिरण्या आल्या, पण दळणाऱ्या बायांचे ते आवाज राहिले. तिथे कोणी चिकटपट्टी घेऊन गेलं नाही म्हणून.

एवढा इतिहास झाल्यावर मी माहितीपुस्तिका पुन्हा उघडली आणि काय सांगावं, ती समजू लागली! तिच्यातलं प्रत्येक कलम म्हणजे कोणाच्या तरी गुन्ह्याची पावती होती. पहिलं कलम : तारीख लावा. यंत्र जन्मतःच स्वतःला १ जानेवारी, मध्यरात्र समजतं. त्यात तारीख भरली नाही तर पुढे सगळ्या आठवणी एकाच रात्रीत घडल्यासारख्या दिसतात. दुसरं : 'होल्ड' नावाची एक बाजूची कळ सरकवली की बाकीची बटणं मुकी होतात. म्हणजे ही आधुनिक टिकली, आणि हिच्यावर चिकटपट्टी चालत नाही. तिसरं : लाल दिवा पेटलेला असताना सेल काढू नका, यंत्र बंद न करता उपटू नका, लिहिता लिहिता कारकुनाच्या हाताखालची वहीच ओढून घेतली तर शेवटचं पान फाटणारच. चौथं : चुकून काही पुसलंच तर लगेच थांबा, नवीन काही टिपू नका. डिजिटल यंत्र बहुधा आधी फक्त अनुक्रमणिकेतलं नाव खोडतं. मजकूर काही काळ तिथेच असतो, जाणकार तो काढून देऊ शकतो. फीत इतकी दयाळू नव्हती. पाचवं, आणि हे पुस्तिकेत नसून माझं : समोरच्याला विचारल्याशिवाय बटण दाबू नका. आवाज ही माणसाची मालमत्ता आहे. निक्सनच्या कचेरीत येणाऱ्या बहुतेकांना यंत्राचा पत्ता नव्हता, आणि परिणाम आपण पाहिला.

आक्काकडे रविवारी गेलो. पंखा बंद केला, कारण माइकला पंखा म्हणजे वादळ. यंत्र टेबलावर न ठेवता घडी केलेल्या पंचावर ठेवलं, कारण टेबलावर कपबशी वाजली की यंत्राला भूकंप वाटतो. आक्काला विचारलं, "आक्का, टेप करू का?"

"कर की. नानाचं केलंस, माझं कधी केलंस?" ती म्हणाली. हे त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षं मनात ठेवलेलं असावं.

यंत्रात आवाज आला की आपोआप चालू आणि थांबला की बंद अशी एक सोय होती. ती मी कौतुकानं लावून पाहिली. पण आक्का बोलताना मध्ये सुपारी कातरते, खिडकीबाहेर बघते, डोळे टिपते. तेवढ्यात यंत्राला डुलकी लागायची आणि पुढच्या वाक्याचा पहिला शब्द गिळून ते जागं व्हायचं. सोय काढून टाकली. आक्काच्या गप्प बसण्यातही पानशेत होतं, ते कापून काय उरलं असतं?

लाल बटण दाबलं. गौहर जानचं स्मरण करून मोठ्यानं तारीख, वार, गाव आणि आक्काचं पूर्ण नाव सांगितलं. आक्का बोलली. पाऊण तास बोलली. काय बोलली म्हणता! मी भारावून बंद करायला गेलो तर लाल दिवा उघडमीट करीत होता. पुस्तिकेच्या सतराव्या पानावर लिहिलंय, आणि मी सोळा वाचली होती : बटण एकदा दाबलं की यंत्र नुसतं कान टवकारून बसतं, दुसऱ्यांदा दाबलं की टिपू लागतं. दिवा लुकलुकतो म्हणजे वाट पाहतोय, स्थिर जळतो म्हणजे काम चालू. पाऊण तास ते यंत्र माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होतं!

माझा चेहरा पाहून आक्का म्हणाली, "पुसलंस?"

"नाही. टिपलंच नाही."

"मग रडतोस कशाला? गेलं काहीच नाही. मी अजून आहे ना इथं? चहा टाक, पुन्हा सांगते."

चहानंतर दिवा स्थिर जळला. मी पुन्हा तारीख, वार, नाव सांगितलं. आणि आक्काच्या दुसऱ्या आवृत्तीत आमच्या घराण्याचा इतिहास पार उलटला. नाना आयुष्यभर सांगत आले, की पाणी पायरीला लागलं तेव्हा त्यांनी एकट्यानं आजीचं शिवणयंत्र डोक्यावर घेऊन माडीवर नेलं. कॅसेटवरही तेच असणार. आक्का म्हणाली, "मशीन मी आणि आईनं नेलं. तुझा बाप जिन्यात उभा राहून 'सावकाश, सावकाश' म्हणत होता. कोट भिजेल म्हणून!"

मी फोनमध्ये त्या वाचलेल्या तीन मिनिटांची प्रत करून नेली होती. ती तिला ऐकवली. मागून बोलणारी ती बाई आली तशी आक्का हसत सुटली. "अरे, ती मीच! मी स्वयंपाकघरातून ओरडत होते, नाना, खोटं नको सांगू, मशीन कोणी नेलं?" इतकी वर्षं मी तो आवाज कधी आईचा समजत होतो, कधी शेजारणीचा. मी पुसलं नसतं तर मला नानांची तीस मिनिटं मिळाली असती. पण ती कोणाशी भांडत होती हे सांगणारी आक्का मला विचारायला सुचली असती की नाही, देव जाणे. हे मी गुन्हा कमी करण्यासाठी म्हणत नाही. साडेअठरा मिनिटांचा पंचनामा वाचलेल्या माणसाला तसलं काही म्हणता येत नाही.

मग मी तिला तिचंच बोलणं वाजवून दाखवलं. स्वतःचा आवाज आपण एरवी डोक्याच्या हाडांतूनही ऐकत असतो, म्हणून बाहेरून आलेला आपला आवाज परका वाटतो. आक्काचंही तसंच झालं. "ही कोण म्हातारी बोलतेय?" असं म्हणून तिनं अडकित्ता खाली ठेवला. मग जरा वेळानं म्हणाली, "आई बोलतेय."

माझी आजी १९६८ साली गेली. तिचा आवाज कोणीही, कुठेही टिपलेला नाही. सबंध घराण्यात तो ओळखू शकेल असं एकच माणूस आता उरलंय, आणि ते माणूस घडी केलेल्या पंचासमोर वाकून बसलं होतं.

"पुन्हा लाव," आक्का म्हणाली.

पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मध्ये सेल खरोखरच संपले. नवे घातले तर यंत्र तारीख विसरून पुन्हा १ जानेवारी, मध्यरात्र. मला घाम फुटला, पण यादीत आक्का होती. नात म्हणाली, त्याआधीचं सगळं शाबूत राहतं. आणि खरी तारीख मी सुरुवातीलाच बोललो होतो ती त्यात आहेच. त्या संध्याकाळी तीन ठिकाणी प्रती झाल्या : एक नातीकडे, एक माझ्या संगणकात, एक हिच्या ताब्यात, कपाटात कुलुपात. त्या कुलपाची किल्ली मला माहीत नाही. सुरक्षित वापराचा हा नियम कोणत्याही पुस्तिकेत नाही.

निघताना मी यंत्र खिशात घालू लागलो, तर आक्कानं हात पुढे केला. म्हणाली, "राहू दे इथंच आठ दिवस. मी एकटी असताना लावत जाईन."

"आक्का, सेल संपतील."

"संपू देत. नानानं वाचवून काय केलं?"